तुवालूचे ११.८१ आणि घाटंजीचे ११.५

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही कळेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत क्रीडाशिक्षक आहात. दहावीतला तुमचा एक पोरगा शंभर मीटर ११.५ मध्ये पळतो. जिल्ह्यात नंबरात आला, पण अमरावतीला विभागीय स्पर्धेत पहिल्याच हिटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, बाद झाला. त्याच आठवड्यात त्याला कोणीतरी मोबाईलवर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची एक शर्यत दाखवली. तुवालू नावाच्या देशाचा एकुलता एक खेळाडू शंभर मीटर ११.८१ मध्ये पळाला. पोरगा म्हणाला, "सर, मी तं याच्या समोर आहो." घरी वडील म्हणतात, "पोट्टं हारलं नं बाप्पा, आता काहाले पयवता त्याले?" तुम्ही विचारता की छोट्या देशाच्या पोरांना ऑलिम्पिक असं फुकटात मिळतं आणि आपली पोरं विभागातच गारद होतात, हा अन्याय नाही का? आणि या पोराला पुढं पळवायचं की थांबवायचं?

अन्यायाचं नंतर बघू. आधी घड्याळ बघू, कारण अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

११.५ हे हातातल्या स्टॉपवॉचवरचं असणार. तालुक्याला, जिल्ह्याला आपल्याकडे दुसरं काही नसतं. हातानं घेतलेली शंभर-दोनशे मीटरची वेळ विजेवरच्या घड्याळाशी ताडायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात. म्हणजे तुमचा पोरगा ११.७४ ला आला. हे सुद्धा घड्याळवाल्यानं क्लॅपरच्या फळ्या (शर्यत सोडताना एकमेकींवर आपटतात त्या) मिटताना बघून बटण दाबलं असेल तर. आवाज ऐकून दाबलं असेल तर गोष्ट आणखी बिघडते, कारण आवाजाला शंभर मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. तेवढा वेळ पोरगा पळत असतो आणि घड्याळ झोपलेलं असतं. मग मैदान टेपनं मोजलं होतं की दोरीनं, उतार होता का, पाठीमागून वारा होता का, हे सगळं आलं. अधिकृत नोंदीसाठी पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडे वारा मोजतं कोण?

तुवालूच्या त्या पोराचं नाव एटिमोनी टिमुआनी. मूळचा फुटबॉलवाला. त्याचे ११.८१ विजेच्या घड्याळावरचे आहेत, वारा मोजून, आणि एकदा सुटायला घाई झाली की सरळ बाहेर, या नियमाखाली. आपल्या तालुक्याला पोरगा दोनदा आधी सुटला तरी पंच ओरडून परत उभा करतात. तेव्हा तुमचा पोरगा त्याच्या समोर आहे की मागे, हे आजच्या माहितीवर सांगता येत नाही. दोघं जवळपास एकाच रांगेत आहेत, एवढं म्हणता येईल. आणि ते काही वाईट नाही.

आता तुवालू. प्रशांत महासागरातला ११ हजारांच्या आसपास लोकवस्तीचा देश. आपल्याकडची दोन-तीन मोठी गावं मिळून तेवढी माणसं भरतील. फुनाफुटी या मुख्य बेटावर मोकळी सपाट जागा म्हणजे विमानतळाची धावपट्टी. विमानं मोजकी येतात, म्हणून एरवी लोक तिच्यावरच खेळतात, पोरं तिच्यावरच पळतात. आपल्या पोरांना डांबरी रस्ता, त्यांना डांबरी धावपट्टी. सुविधेत ते आपल्यापेक्षा फार पुढं आहेत असं समजू नका.

मग ऑलिम्पिकला कसे जातात? तर तिथं दोन दरवाजे आहेत. एक पात्रतेचा. रिओत पुरुषांच्या शंभर मीटरची पात्रता वेळ १०.१६ होती. त्या वर्षी आपला सगळ्यात वेगवान माणूस अमिय मल्लिक १०.२६ पळाला होता आणि तोही शंभर मीटरला गेला नाही. दुसरा दरवाजा सर्वसमावेशकतेचा. ज्या देशाचा एकही पुरुष किंवा एकही बाई ॲथलेटिक्समध्ये पात्र ठरत नाही, त्याला आपला एक चांगला खेळाडू ठरावीक शर्यतीत उतरवता येतो. या पोरांची शंभर मीटरला आधी एक वेगळी प्राथमिक फेरी होते, त्यातून वर आले तरच बाकीच्यांबरोबर पळतात. म्हणजे टिमुआनीनं कोणाची जागा खाल्ली नाही. तो नसता तर ती जागा घाटंजीला मिळाली नसती, अमिय मल्लिकलाही मिळाली नसती. तुमच्या पोराच्या आणि ऑलिम्पिकच्या मध्ये उभे आहेत ते १०.१६ सारखे आकडे, आणि २०२४ च्या पॅरिसला तर ती वेळ १०.०० झाली.

गंमत म्हणजे याच दुसऱ्या दरवाजातून आपणही आत जातो. पॅरिसला पोहण्यात भारताकडून श्रीहरी नटराज आणि धिनिधी देसिंघू गेले ते याच सोयीतून. धिनिधी तेव्हा १४ वर्षांची होती. पोहण्यात दीडशे कोटींचा देश तुवालूच्या रांगेत उभा असतो. तिचं तेव्हा आपण कौतुक केलं आणि ते बरोबरच होतं. मग तुवालूच्या पोराला हसायचं कारण नाही.

अन्यायाचं माझ्या परीनं एवढंच. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. छोट्या देशांच्या पोरांना ऑलिम्पिकच्या आधी काय मिळतं?

त्यांना आपल्या जोडीच्या पोरांशी शर्यत मिळते. वर्षानुवर्षं मिळते. कॅरिबियन बेटांचं घ्या. तिथं १९७२ पासून दर ईस्टरला कॅरिफ्टा गेम्स होतात, १७ आणि २० वर्षांखालच्या पोरापोरींसाठी. पहिली स्पर्धा बार्बाडोसला झाली. एकेक बेट म्हणजे आपला एखादा तालुका, फार तर दोन तालुके. पण त्या बेटाचा बनियन घालून दुसऱ्या बेटावर जायचं, विमानात बसायचं, अनोळखी पोरांशी पळायचं, हे तिथल्या पोराला पंधरा-सोळाव्या वर्षी घडतं. ग्रेनाडा हा सव्वा लाखाच्या आतला देश. तिथल्या गुयाव्ह या मासेमारांच्या गावचा किरानी जेम्स याच वाटेनं गेला. २००९ ला जागतिक युवा स्पर्धेत २०० आणि ४०० दोन्ही जिंकला, २०११ ला १८ व्या वर्षी ४०० चा जगज्जेता झाला, २०१२ ला लंडनमध्ये ४३.९४ पळून देशाचं पहिलं ऑलिम्पिक पदक आणलं, तेही सोन्याचं. यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाखांवर होती. ग्रेनाडासारखे वीसावर देश आपल्या एका जिल्ह्यात बसतात. माणसं आपल्याकडे कमी नाहीत, मधल्या पायऱ्या कमी आहेत.

युरोपातल्या दहा लाखांच्या आतल्या देशांनी तेच केलं. १९८५ ला सान मारिनोत सुरुवात करून ते दर दोन वर्षांनी आपापसात खेळतात. जर्मनी-फ्रान्ससमोर माल्टाचा पोरगा हिटमध्येच जाणार, हे त्यांना माहीत आहे. म्हणून त्याला फायनल म्हणजे काय हे कळेल अशी एक स्पर्धा त्यांनी स्वतः उभी केली. फायनल पळायची सवय ही वेगळीच चीज आहे. हिट पळून झाल्यावर दोन-तीन तास कसे काढायचे, काय खायचं, पाय गार होऊ द्यायचे की नाही, दुसऱ्यांदा वॉर्मअप किती करायचं, हे पुस्तकातून शिकवता येत नाही. तुमचा पोरगा विभागात बाद झाला म्हणजे वर्षात त्यानं खऱ्या अर्थाच्या किती शर्यती पळल्या? तालुका, जिल्हा, विभाग. संपलं. आणि हरला तो पहिल्याच हिटनंतर झाडाखाली डबा खात बसतो. ज्याला शर्यतीची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी मिळतात.

युवा ऑलिम्पिकवाल्यांनी हे बरोबर ओळखलं. २०१० ला सिंगापूर आणि २०१४ ला नानजिंगला त्यांनी पहिल्या फेरीनंतर कोणाला घरी पाठवलं नाही. वेळेप्रमाणे अ फायनल, ब फायनल, क फायनल लावल्या. २०१८ ला ब्युनॉस आयर्सला तर फायनलच काढून टाकली. प्रत्येकानं दोनदा पळायचं आणि दोन्ही वेळांची बेरीज. त्या स्पर्धेत मुलींच्या शंभर मीटरला रौप्य मिळालं ज्युलियन आल्फ्रेडला. सेंट लुसिया, लोकसंख्या दोन लाखांच्या आत. सहा वर्षांनी तीच मुलगी पॅरिसला १०.७२ पळून ऑलिम्पिक विजेती झाली. युवा ऑलिम्पिकमुळे झाली असं मी म्हणणार नाही, तिच्यात ते होतंच. पण रचना कशी असावी याचा धडा तिथून घ्यायला हरकत नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर माझं सगळं गोड गोड वाटेल. छोटे देश सगळं घरच्या घरी करतात असं नाही. आल्फ्रेड १४ व्या वर्षी बेट सोडून जमैकाला शिकायला गेली, पुढं अमेरिकेत विद्यापीठात. टोकियोत आपल्या दीपक पुनियाला कांस्यपदकाच्या कुस्तीत हरवणारा सान मारिनोचा माइल्स अमीन आठवतो? तो अमेरिकेत मिशिगनला जन्मला आणि वाढला. पॅरिसला तिहेरी उडी जिंकून डॉमिनिकाला पहिलं पदक देणारी थिया लाफाँड लहानपणीच अमेरिकेत गेली होती. म्हणजे एका टप्प्यानंतर गाव सोडावंच लागतं. आपला नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेता झाला तो साताऱ्याला जाऊन सराव करून. हे पालकांना आधीच सांगितलेलं बरं. पण तो टप्पा कधी येतो हे महत्त्वाचं. विभागात हिटमध्ये हरलेल्या सोळा वर्षांच्या पोराला उचलून पुण्याच्या एखाद्या अकादमीत टाकणं म्हणजे मुळं धरण्याआधी रोप उपटणं. अशी पोरं वर्षभरात परत आलेली मी पाहिली आहेत. परत आल्यावर ती गावातल्या मैदानावरही येत नाहीत.

आणि संधी मिळाली म्हणून कोणालाही पाठवलं तर काय होतं, तेही बघा. २०२३ ला चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोमालियाची एक मुलगी शंभर मीटर २१.८१ मध्ये पळाली. तयारीच नव्हती. तिकडं संघटनेवर चौकशी-कारवाई झाली, ते ठीक. पण जगभर हसू झालं ते त्या मुलीचं, निवडणाऱ्यांचं नाही. याच्या उलट भूतानची किन्झांग ल्हामो. पॅरिसच्या मॅरेथॉनला सगळ्यात शेवटी आली, ३ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद, आणि लोक रस्त्यावर थांबून तिच्याबरोबर चालले, टाळ्या वाजवल्या. शेवटचा नंबर दोघींचाही. फरक तयारीचा. तेव्हा "अनुभव मिळंल" म्हणून कच्च्या पोराला वरच्या स्पर्धेत ढकलणारे जे आपल्याकडे असतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. अनुभव जोडीच्या पोरांशी पळून मिळतो. दहा मीटर मागं राहून पोराला पुढच्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तुमच्या पोराची वेळ तुम्ही समजता त्यापेक्षा थोडी मागं आहे, तुवालूनं त्याचं काही घेतलेलं नाही, आणि छोट्या देशांकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती जोडीच्या शर्यती. ही गोष्ट तुम्ही घाटंजीत करू शकता, बऱ्याच कमी पैशात.

आमच्याकडे आसपासच्या पाच-सहा शाळांचे पीटीवाले मिळून करतात ते सांगतो. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक आपल्याकडे उलटं आहे. तालुका स्पर्धा पावसाळ्यात लागतात, जेव्हा काळ्या मातीत पोरगा चार पावलं टाकतो तर बुटाला किलोभर चिखल. तयारी न होताच स्पर्धा होऊन जातात आणि दिवाळीनंतर मैदान कोरडं, हवा थंड, पळायला उत्तम, तेव्हा हरलेल्यांसाठी काहीच नसतं. म्हणून आम्ही दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत महिन्यातून एक रविवार धरतो. मार्चनंतर नाही, आपल्या उन्हात ते पाप आहे. मैदान टेपनं मोजायचं, फक्कीनं सहा लेन मारायच्या. सकाळी सातला हिट, नऊला फायनल. सगळ्या हिट मिळून वेळेप्रमाणे पहिले सहा अ फायनलला, पुढचे सहा ब ला, त्यापुढचे क ला. प्रत्येक पोरगा दोनदा पळतो. क फायनल जिंकणाऱ्याचा चेहरा बघा एकदा. कप, प्रमाणपत्रं काही नको, त्यात पैसा जातो आणि मग पाहुणा बोलवावा लागतो, पाहुणा आला की भाषण आलं. वेळ पोराच्या वहीत लिहून शिक्षकानं सही करायची, बस.

घड्याळाला तीन माणसं, मधली वेळ धरायची, आणि बटण फळ्या बघून दाबायचं. आता फोनवर व्हिडिओ घेऊन फ्रेम मोजूनही बरी वेळ काढता येते, एखाद्या बारावीच्या पोराला ते काम द्या. सुटायला घाई केली की बाहेर, पहिल्याच महिन्यापासून. पोरं रडतात, पालक चिडतात, दुसऱ्या महिन्यात सगळी सरळ होतात. शर्यतीच्या वीस मिनिटं आधी पोरांना एका बाजूला घ्या, छातीवर नंबर लावा, फोन काढून घ्या, गप्पा बंद. मोठ्या स्पर्धेत कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना बसवून ठेवतात त्या खोलीत, हेच होतं आणि आपली पोरं तिथंच अर्धी हरतात. उन्हाळ्याआधी एकदा नागपूरला सिंथेटिक ट्रॅकवर घेऊन जा, नुसतं पळायला. पहिल्यांदा त्या ट्रॅकवर पोराचं पाऊल उसळतं आणि पोटऱ्या धरतात. ते स्पर्धेच्या दिवशी घडू नये.

या पोराचं काय, ते काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला तुमच्या पत्रावरून दिसत नाहीत. तो पळतोय किती दिवस? चार महिन्यांच्या सरावावर ११.५ असेल तर थांबवणं चूक ठरेल. तीन वर्षं पद्धतशीर पळून तिथंच असेल तर शंभर मीटर त्याचं नसेलही. उंची वाढतेय का अजून, दाढी-मिशी कधी आली? लवकर वयात आलेली पोरं शाळेत सगळ्यांना हरवतात आणि अठराव्या वर्षी तिथंच राहतात. उशिरा वाढणारी उलट. (विभागाला त्याला ज्यांनी हरवलं त्यांच्यात खरे सतरा वर्षांखालचे किती होते, हा प्रश्न मी विचारत नाही. तुम्हाला उत्तर माहीत आहे.) शेजारच्या छत्तीसगडचा अनिमेष कुजूर शाळेत फुटबॉल खेळायचा, ॲथलेटिक्सकडे उशिरा वळला, आणि २०२५ ला १०.१८ पळून शंभर मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. सोळाव्या वर्षीच्या हिटवरून निकाल लावू नये, एवढ्यासाठी सांगतो. तुमचा पोरगा तेच करेल असा अर्थ काढू नका, वडिलांना तर असं मुळीच सांगू नका.

वडिलांना काय सांगायचं ते जास्त नाजूक आहे. त्यांचं गणित चुकीचं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत घरचा एक माणूस कमी म्हणजे मजुरीचा पैसा गेला. मी अशा घरी जातो तेव्हा ऑलिम्पिकचं नाव काढत नाही. जिल्हा-विभागाच्या खेळाची प्रमाणपत्रं नीट ठेवा, दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण कोणत्या पातळीला मिळतात ते क्रीडा कार्यालयात विचारून शाळेतून प्रस्ताव वेळेत पाठवा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्याला बरंच वरचं यश लागतं, तेव्हा त्याची आशा आत्ता लावू नका. पोलीस भरतीचं मात्र सांगा. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत शंभर मीटरचे १५ आहेत, बाकी १६०० मीटर आणि गोळाफेक. आज नीट पळायला शिकलेला पोरगा उद्या भरतीच्या मैदानावर बाकीच्यांच्या समोर असतो. हे बापाला कळतं, कारण गावातला कोणीतरी पहाटे रस्त्यावर पळताना त्यानं रोज पाहिलेला असतो. आणि वेळेचा सौदा करा. वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून तीनच दिवस सराव, तोही पहाटे, आणि रविवारची शर्यत. बाकी वेळ पोरगा शेतात. मी तरी यापेक्षा जास्त मागत नाही, आणि एवढ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

आणखी एक करून बघा. त्याला एकदा चांगलं वॉर्मअप देऊन एकट्याला ३०० मीटर पळवा, मोजलेल्या मैदानावर. हातातल्या घड्याळावर ३९ सेकंदांच्या आसपास आला आणि शेवटच्या पन्नासात पाय आखडले नाहीत, तर ४०० चा विचार करा. आपल्या भागात ४०० ला मन लावून पळणारी पोरं कमी आहेत, कारण दुखतं. ४२-४३ आला तर शंभरच ठेवा आणि सुटण्यावर काम करा, पहिल्या तीस मीटरवर. जो आकडा येईल तो कळवा, सोबत त्याची जन्मतारीख आणि किती महिन्यांचा सराव आहे तेही लिहा. मग डिसेंबरचं वेळापत्रक बसून लावून देतो.